धवल्यात गेलेलं नाव

नाटक लिहायचं तर पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पद्यात, हे मी पुष्कळ आधीच ठरवून टाकलं होतं. १९२०च्या आसपासचे ते दिवस. मी सव्वीस वर्षांचा होतो, धरमतरच्या खाडीपलीकडे मिठागरांच्या एका गावात शाळामास्तर होतो, आणि अलिबागेला संगीत नाटक आलं की पाहायला जाऊन चिडून परत येत होतो. पात्र चांगलं बोलत असतं, एवढ्यात पेटीवाला सूर धरतो आणि मग पात्राचा बाप मरायला टेकलेला असला तरी त्याला अर्धा तास थांबावं लागतं. पूर्वी सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं मागाहून गद्य बोलायची. पुढे पात्रं स्वतः गायला लागली. पण गद्य एकीकडे आणि पद्य दुसरीकडे, हा सवतासुभा काही मिटला नाही. तो मी मिटवणार होतो. माझ्या नाटकात पाणी मागायचं ते सुद्धा वृत्तात.

गोष्ट माझीच होती. खाडीपलीकडच्या राजाची मुलगी आणि मिठागरावरचा एक तरुण, पाच अंक. राजा बोलेल शार्दूलविक्रीडितात, एकोणीस अक्षरं, बाराव्यावर थांबा. नायिका दिंडीत, नोकरचाकर ओवीत. शाळेत मुलं पाढे म्हणत असत आणि मी बोटांवर मात्रा मोजत असे. एका ओळीसाठी मी दोन दिवस जेवणाकडे लक्ष दिलं नाही, हे तेव्हा मी अभिमानाने सगळ्यांना सांगत होतो.

नट म्हणजे गावातलेच आगरी लोक, दिवसभर मिठागरात राबणारे. एकालाही वाचता येत नव्हतं, म्हणून मी संध्याकाळी तोंडी ओळी पढवायचो. पाठ चटकन करत, पण आपल्या सोयीने. राजा झालेला गृहस्थ बाराव्या अक्षरावर कधीच थांबला नाही. दम लागला की थांबायचा. शब्द बदलायचे, चाल मात्र सोडायचे नाहीत. मी डोकं धरून बसायचो. नायिकेचं काम करणारा तरुण तेवढा माझं ऐकायचा. विशीचा, आवाज मऊ, वडील नाहीत, घरी एकटी आई. येत्या वैशाखात त्याचं लग्न ठरलेलं होतं आणि सगळे त्याला त्यावरून चिडवत. नायकाचं काम करणारा तीन पोरांचा बाप होता.

चौथ्या अंकाच्या शेवटी नायक-नायिकेचं लग्न. त्यासाठी मी नवी मंगलाष्टकं रचली होती, एक मात्रा इकडची तिकडे नाही. तालमीला ती म्हटली तेव्हा कुडाबाहेर उभ्या असलेल्या बायका हसायला लागल्या.

“यो कसला लगीन? धवला न्हाय न काय न्हाय!”

मला राग आला. पण त्यांचं म्हणणं खरं होतं. त्या लोकांत लग्न लावते ती धवलारीण. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला ती धवला म्हणजे त्या विधीचं गाणं गाते आणि तिनं गायलं की तो विधी झाला. भटजी आला तर आला. मग मी धवला लिहायला बसलो. कुणाकुणाच्या लग्नात ऐकलेल्या ओळी आठवून कागदावर उतरवल्या आणि मात्रा मोजल्या. एका ओळीत चौदा अक्षरं, पुढच्या ओळीत नऊ, तरी गाताना दोन्ही सारख्याच लांब! आठवडाभर डोकं फोडलं. ज्या विद्येवर मी पाच अंक उभे केले, तिला या चार ओळी का जुमानत नाहीत ते मला कळेना.

शेवटी मी धवलारणीच्या घरी गेलो. साठीची बाई, दारात सुकट निवडत बसलेली. नाटकात येऊन गा म्हटल्यावर तिनं मान सुद्धा वर केली नाही.

“लगीन न्हाय तवा धवला कशाला गावाचा?”

मी तीन वेळा गेलो. नाटक देवाच्या जत्रेत आहे, म्हणजे देवाचंच काम आहे, असं काहीबाही सांगितलं. गोड बोलून माणसाला वळवायची कला माझ्याकडे होती, आणि तिचा मला भारी गर्व होता. चौथ्यांदा ती बरं म्हणाली, आणि तिनं एकच गोष्ट विचारली.

“नवरा कोन नि नवरी कोन? नावां सांगा.”

मला वाटलं, कोण कोणाचं काम करतंय ते तिला हवं आहे. पाचव्या अंकाची तालीम व्हायची होती, मी घाईत होतो. मी नायकाचं काम करणाऱ्याचं खरं नाव सांगितलं आणि नायिका झालेल्या त्या तरुणाचं खरं नाव सांगितलं, त्याच्या आईच्या नावासकट. राजकन्येचं नाव माझ्या वहीत पहिल्याच पानावर होतं, ते मला सुचलंही नाही.

चैत्राच्या जत्रेत, दिव्यांची भानगड नको म्हणून उन्हं कलल्याबरोबर, देवळापुढच्या मोकळ्या जागेत आम्ही नाटक केलं. तीन अंक लोक बोलत होते, चणे खात होते. चौथ्या अंकात धवलारीण पुढे येऊन उभी राहिली, डोक्यावर पदर घेतला आणि तिनं सुरुवात केली. तिनं ती दोन नावं गाण्यात घेतली आणि सगळी जत्रा गप्प झाली. बायका उठून उभ्या राहिल्या. कुणीतरी तांदूळ आणले, ते अक्षता म्हणून पडले. एका म्हातारीनं लुगडं नेसलेल्या त्या तरुणाची हनुवटी धरली आणि तो रडायला लागला. हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं. मग लोक उठून घरी गेले. लग्न लागलं होतं, आणखी काय पाहायचं? माझा पाचवा अंक तसाच राहिला.

मी मात्र हवेत होतो. पद्यनाटक जिंकलं, असं मी माझ्या भावाला पत्रातून कळवलं.

चार दिवसांनी तो तरुण शाळेत आला आणि दाराशीच उभा राहिला. “मास्तर, आता माजा काय व्हनार?”

त्याच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला त्याची आई धवलारणीकडे गेली होती. तिनं नाही म्हटलं. हे नाव नवरी म्हणून गाऊन झालं आहे, आता तेच नाव नवरा म्हणून कसं गायचं? आजूबाजूच्या गावांतल्या धवलारणी हिच्याच हाताखाली शिकलेल्या. त्यांनीही कानांवर हात ठेवले. नायकाला काहीच अडचण नव्हती. त्यानं दुसरी केली, एवढाच अर्थ, आणि त्याची बायको ‘सवत कुठाय माजी’ म्हणून त्याला छळत होती. पण या पोराचं लग्न मोडायच्या बेतात आलं. भटजीला बोलावू, मी माझ्या खर्चाने आणतो, असं मी मुलीच्या बापाला जाऊन सांगितलं. तो हात जोडून म्हणाला, बिनधवल्याची पोरगी मी देत न्हाय.

मी धवलारणीकडे पळालो. “अहो, ते नाटक होतं!”

“नाटक तुमचा हाय, मास्तर. धवला तुमचा न्हाय.”

“नावं मी चुकीची सांगितली. चूक माझी.”

“चूक तुमची. पन गायले मी.”

गाण्यात नाव घातल्यानं कुणाचं लग्न लागतं, हे मला पटत नव्हतं. आजही पटत नाही. मग मी पळत इथवर कशाला आलो होतो? माझी मंगलाष्टकं वृत्तात चोख होती आणि ती शंभर वेळा म्हटली असती तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. पद्य म्हणजे काय, हे मला माहीत आहे असं मी समजत होतो. त्या बाईच्या दारात मला ते सांगता आलं नसतं.

मग तीच म्हणाली, “लग्नात नवरीचा नाव बदलतात ना? याचा बी बदला. जुना नाव नवरीसंगं गेला. नव्या नावाचा नवरा मी गाईन.”

मला हायसं वाटलं. एवढंच ना, असं मी म्हणालो सुद्धा. धावतच त्या तरुणाच्या घरी गेलो. तो उड्या मारायचा बाकी राहिला. त्याची आई चुलीपुढे बसली होती. ती हळूच म्हणाली, “नाव माज्या सासऱ्याचा व्हता. तो गेला तवा ठेवलेला. तेवराच राहिला व्हता घरात.” मग डोळे पुसून तिनं मलाच सांगितलं, तुम्ही नावं लिहिता, तुम्हीच एक द्या.

मी दिलं. देताना सवयीनं बोटांवर मात्रा मोजल्या आणि लाज वाटून हात मागे घेतला. धवलारणीला विचारलं, एवढं लांब नाव ओळीत बसेल का? ती म्हणाली, केवरा बी चालल.

वैशाखात लग्न झालं. मांडवात मी पुढे बसलो होतो. धवलारणीनं तिच्या त्याच न मोजता येणाऱ्या ओळीत मी दिलेलं नाव घेतलं आणि ते असं बसलं जणू तो जन्मापासून तोच होता. नवरा खुशीत होता. त्याची आई माझ्या शेजारी होती. ते नाव कानावर पडलं तशी तिनं मान वर केली, मांडवात इकडेतिकडे पाहिलं आणि मला विचारलं, “मास्तर, कोनाचा नाव घेतला तिनं?”