कमरेचं हाड मनगटात

मी शाळेत पी.टी. शिकवतो. माझी मुलगी तेरा वर्षांची, शाळेच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. सरावात उजव्या तळव्यावर पडली, तेव्हा मीच मैदानात धावत गेलो. मनगट दाबून पाहिलं, बोटं हलवायला लावली. सूज फारशी नव्हती. "मुरगळलंय नुसतं," म्हणालो आणि क्रेप बँडेज गुंडाळलं. पंधरा दिवसांनी ती पुन्हा गोलमध्ये उभी राहिली.

सहा महिन्यांनी परीक्षेत मनगट दुखून तिला पेपर पुरा लिहिता आला नाही. बायको तिला घेऊन दवाखान्यात गेली. मी मागून पोचलो.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. अंगठ्याच्या बुडाशी, काजूएवढं हाड. मधोमध काळी रेघ.

"मोडलंय, जुळलंच नाही. तेव्हा फोटो काढला नव्हता?"

"न्हाय," बायको म्हणाली. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

कमरेच्या हाडातलं थोडं हाड काढायचं, मनगटातल्या फटीत भरायचं आणि बारीक स्क्रूनं धरून ठेवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"माझं घ्या की," मी म्हणालो.

"तुमचं कशाला? तिचं स्वतःचंच सगळ्यात चांगलं."

ऑपरेशनच्या सकाळी मी बाहेर बाकावर बसलो होतो. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. गडहिंग्लजहून आलेली एक म्हातारी म्हणाली, "पावणं, जरा सरकता का?" मी सरकलो. तिनं डब्यातली भाकरी दिली, तीही खाल्ली. चव कळली नाही. आत माझ्या पोरीचं हाड कापतायत, हे मी मनात शब्दाशब्दानं म्हणून बघितलं. कुणा दुसऱ्याचीच गोष्ट वाटली.

दुसऱ्या दिवशी ती नीट बोलायला लागली.

"पप्पा, हातापेक्षा कंबरच जास्त दुखतीया."

बायको औषधं आणायला खाली गेली होती. मी म्हणालो, "तेव्हाच फोटो काढायला पाहिजे होता. चुकलं माझं."

ती छताकडं बघत होती. "मला वाटत हुतं, मोडलंय म्हणून. कट् असा आवाज आलता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मुरगळलंय म्हणालासा की. म्हणून खेळलो."

आवाजात राग नव्हता. मी तिच्या पायांवरची चादर सारखी केली. ती आधीच सारखी होती.

तीन महिन्यांनी, प्लास्टर निघाल्यावर, नव्या फोटोत रेघ दिसेना. "छान जुळलं," डॉक्टर म्हणाले. बायको तिथंच रडायला लागली. मी एक्स-रेचं पाकीट काखेत धरून उभा राहिलो. आनंद झाला पाहिजे, एवढं कळत होतं.

परत येताना कळंब्याच्या रस्त्यावर मुलीनं मागून विचारलं, "पप्पा, मैदानावर कधीपासनं जाऊ?"

"डॉक्टरांना विचार," मी म्हणालो आणि गाडी चालवत राहिलो.