बिनआवाजाची गाडी

रविवारी सकाळी शिवराजने बनूच्या चित्रकलेच्या वहीतलं एक पान फाडलं, मधोमध रेघ मारली आणि एका बाजूला ‘फायदे’, दुसऱ्या बाजूला ‘तोटे’ असं लिहिलं. ठिबकच्या पाइपा विकणाऱ्या एका कंपनीत तो फिरतीवर होता. आठवड्यातले चार दिवस टेंभुर्णी, मोडनिंब, जेऊर. जुनी डिझेल गाडी आता रस्त्यापेक्षा गॅरेजमध्येच जास्त असायची आणि त्याच्या मनात हायब्रिड भरली होती. आकाराने लहान, पण आतून भारीतली. पेट्रोलवरही चालते, बॅटरीवरही, आणि चार्जिंगला लावायची भानगड नाही. चालता चालता स्वतःची बॅटरी स्वतःच भरून घेते.

फायद्यांची बाजू भराभर भरली. ॲव्हरेज जवळजवळ दीडपट. क्लच नाही, गिअर टाकायचे नाहीत, त्यामुळे गुडघा दुखणार नाही. सहा एअरबॅग. तोट्यांची बाजू त्याच्या बायकोने, पायलने, भरायला घेतली. ती एका खासगी लॅबमध्ये रक्ततपासणीचं काम करायची आणि कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय मानायची नाही. मागे बॅटरी असल्यामुळे डिकी एवढीशी, मग गावाकडून ज्वारीचं पोतं आणायचं कशात? नंबर लावून तीन महिने थांबायचं. बिघडली तर नाक्यावरचा मिस्त्री हात लावणार नाही, पुण्याला न्यायची. आणि वर ते काचेचं छत.

“सोलापूरच्या उन्हात काचेचं छत,” ती म्हणाली. “पापड वाळवायला बरं पडेल.”

शिवराजची आई, मायाक्का, उंबऱ्यापाशी लसूण सोलत होती. शिवराजने तिलाही विचारलं, तुझं काय म्हणणं आहे.

“आवाज कसा हाय तिचा?”

“आवाजच न्हाय, आई. सुरू हाय का बंद, आतल्यालाबी कळत न्हाय.” आणि विसरलेलं आठवल्यासारखं त्याने फायद्यांच्या खाली लिहिलं : आवाज नाही.

मायाक्काच्या हातातली पाकळी खाली पडली. तिने ती शोधली नाही. शोधायला गेलं की हात चाचपडतो, आणि चाचपडणारा हात लोकांना दिसतो.

तिला नीट दिसत नव्हतं. अगदी अंधार नव्हता. नाकासमोरचं दिसायचं, पण पाइपातून बघावं तेवढंच. बाजूचं सगळं गेलं होतं. दिवाळीआधी देवळाच्या मंडपात डोळ्यांचं शिबिर लागलं तेव्हा ती एकटीच जाऊन आली होती. तिथली डॉक्टरीण पोरसवदा होती. तिने सांगितलं, मावशी, हा काचबिंदू आहे, मोतीबिंदू नव्हे. गेलेली नजर ऑपरेशनने परत येत नाही. उरलेली थेंबांनी राखायची, रोज, न चुकता. घरच्यांना घेऊन या. मायाक्का “व्हय” म्हणाली, थेंबांची बाटली कमरेच्या पिशवीत टाकली आणि घरी येऊन भाकरी थापायला बसली. ती बाटली महिन्याभरात संपली. दुसरी आणायला कुणाला सांगायचं, हा प्रश्न होता. सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार.

ते सांगता येत नव्हतं. नवरा येडू गेल्यावर मेंढरं विकली, तेव्हा सांगोल्याकडच्या गावात दिराच्या घरी तिला मेंढरांच्या वाड्याजवळच्या पत्र्याच्या खोलीत जागा मिळाली होती. पाच वर्षांपूर्वी बनू जन्मली आणि शिवराज तिला सोलापूरला, जुळे सोलापूर भागातल्या घरी घेऊन आला. या घरात तिचं काम म्हणजे बनू. पायल साडेसातला घर सोडायची, शिवराज त्याच्याही आधी. आठ वाजता बनूला बालवाडीत पोचवायचं, अकराला आणायचं. मागे एकदा मायाक्का आठवडाभर तापाने पडली, तेव्हा पायलने एका पाळणाघरात चौकशी केली होती. सासूला ती आत्या म्हणायची. रात्रभर जागलेल्या आवाजात ती शिवराजला म्हणाली होती, पाळणाघर जमलं तर आत्यांना गावाकडं राहता येईल, त्यांनाही आराम. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण मायाक्काने भिंतीपलीकडून ते ऐकलं. तिला ऐकू सगळं यायचं.

ऐकण्यावरच तर ती चालत होती. जन्म मेंढरांमागे गेलेला. कुठली शेळी कुठल्या ओढ्याला अडकली हे तिने आयुष्यभर कानांनी ओळखलं. आता ती तशीच रस्ता ओळखायची. पाण्याचा टँकर, दूधवाल्याची बुलेट, शाळेची व्हॅन, रिक्षा. बालवाडीच्या वाटेवर दोन वळणं आणि एक मोठा रस्ता. त्या रस्त्याच्या कडेला ती बनूचं मनगट धरून उभी राहायची, मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवायची, कारण बघणारे बघतात, आणि काही ऐकू येईनासं झालं की चालायला लागायची. होळीनंतर खिडक्या-खिडक्यांतले कूलर सुरू झाले आणि तो घरघराट सगळ्या आवाजांवर पसरला. त्यातच एका सकाळी काहीतरी तिच्या पदराला घासून गेलं. वारा लागावा तसं. आवाज नाही, काही नाही.

“आज्जी, त्या काकाची स्कूटर आपल्याला लागली असती,” बनू म्हणाली. “चार्जिंगची होती.”

त्या दिवसापासून मोठ्या रस्त्याच्या कडेला मायाक्का आधीपेक्षा दुप्पट वेळ थांबायची. गल्लीत तसल्या स्कूटरी दोनच होत्या. त्यांच्या वेळा तिने पाठ केल्या. आता तसली गाडी स्वतःच्या दारात येणार होती.

आठवडाभर ती गाडीत खोट काढत राहिली. उन्हात बॅटरी फुटते म्हणाली. पावसात शॉक बसतो म्हणाली. सीट खोल असतात, माझी कंबर धरंल म्हणाली. शिवराज वैतागला नाही. त्याने एकेका शंकेचं उत्तर फोनवर बघून दिलं. बॅटरीवर कंपनी आठ वर्षं हमी देते. पाणी आत शिरत नाही. हळू चालताना ती बॅटरीवर असते, वेग घेतला की इंजिन आपोआप लागतं. शेवटी तिने विचारलं, तिला घुंगरू बांधता येतं का? शिवराज इतका हसला की त्याने ते ऑफिसातही सांगितलं. मग म्हणाला, हळू असताना ती बारीकशी गुणगुण करते, आई, चालणाऱ्या माणसाला कळावं म्हणून. कूलरपेक्षा मोठ्यानं करते का, असं मायाक्काने विचारलं. ते त्याला माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी चालवून बघायला गाडी दारात आली. ती घेऊन आलेला शोरूमचा शरणबसव अक्कलकोटचा, बोलण्यात गोड. मायाक्काला तो, कानडीत आईला म्हणतात तसं, “अव्वा” म्हणाला आणि आत येऊन त्याने दोनदा चहा घेतला. शिवराज आणि पायल त्याच्याबरोबर होटगी रोडला एक चक्कर मारून आले. पायल उतरली ती खुललेल्या चेहऱ्यानेच. बोलली मात्र एवढंच, की एसी बरा आहे.

गाडी डावीकडच्या कुंपणाच्या भिंतीला खेटून उभी होती. पुढे शेजारच्या बांधकामाची खडी सांडलेली, आणि त्यापुढे वाळूचा ढीग. शिवराज आणि शरणबसव अजून आतच होते. शरणबसव त्याला पडद्यावर काहीतरी दाखवत होता. पायल सरबत करायला आत गेली. नवी गाडी पहिल्यांदा दारात आली की चाकांवर पाणी घालायचं, हे मायाक्काच्या घरात बैलगाडीपासून चालत आलेलं. गाडी नको असली म्हणून काय झालं, दारात आलेली होती. तिने तांब्या भरून घेतला. बनू बोट धरून आली.

“अजून घेतली कुठं, आई?” शिवराज काचेतून म्हणाला.

“दारात आलीया न्हवं.”

ती भिंत आणि गाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत शिरली. मागच्या चाकावर पाणी घातलं, पुढच्या चाकापाशी आली, वाकली. एक हात टायरवर ठेवून दुसऱ्याने तांब्या कलता केला. त्यासाठी बनूचं बोट सोडावं लागलं. बनू मागे फाटकापाशी गेली, असं तिला वाटलं. गाडी बंद आहे, याबद्दल तिच्या मनात शंकाच नव्हती. साठ वर्षांत तिने बंद म्हणजे गप्प, आणि गप्प म्हणजे बंद, एवढंच धरलं होतं.

शिवराजनेही तेच धरलं. पंधरा वर्षं डिझेल चालवलेला माणूस. खालून थरथर येत नाही म्हणजे इंजिन बंद, असं त्याच्या पायाला पक्कं ठाऊक होतं. बंद करायचं बटण दाबायचं राहिलं होतं, गाडी चालायच्या खुणेवरच होती, ब्रेक सुटला की आपसूक सरकणारी, आणि तो दार उघडून एक पाय खाली टाकून आईला काहीतरी म्हणायला उतरत होता. ब्रेकवरचा दुसरा पाय सुटला.

मायाक्काच्या तळव्याखाली टायर फिरलं. मग खडी करकरली. तेवढाच आवाज; गुणगुण असलीच तर ती कूलरांच्या घरघरीत बुडाली.

गाडी तिच्याकडे येतेय की तिच्यापासून जातेय, हे तिला कळेना. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला ते हलणारं लोखंड. तांब्या तिच्या हातातून गेला. ती जिकडे मोकळं वाटलं तिकडे, पुढे, धावली, आणि दोन पावलांत काहीतरी मऊ तिच्या गुडघ्यांना लागलं. ती त्यावरून कोसळली, ते तिच्याबरोबर लोळलं, आणि दोघी वाळूत पडल्या. ते मऊ बनू होती. बंपरसमोर उकिडवी बसून ती वाहत आलेल्या पाण्यात बोट बुडवत होती.

शरणबसवने आतून हात घालून गाडी थांबवली. वाळूच्या ढिगात चाक थोडं रुतलं होतं. बनूचा गुडघा खरचटला होता, एवढंच. ती आधी रडली नाही. सगळे ओरडायला लागल्यावर रडली.

नंतर जे झालं ते मायाक्काला गाडीपेक्षा जास्त भयानक वाटलं. समोरच्या घरातल्या बसम्माने गॅलरीतून सगळं पाहिलं होतं. म्हातारीनं गाडीपुढं झेप घेतली आणि पोरगीला उचलून वाळूत टाकलं, असं तिने गल्लीला सांगितलं. “या वयात काय नजर हाय बघा,” ती म्हणाली. शरणबसव घामाघूम होऊन पाया पडला. शिवराज पायरीवर डोकं धरून बसला आणि मग त्याने ते वहीचं पान आणून चार तुकडे केले. गाडीचा विषय या घरात बंद. मायाक्काला हवं होतं ते सगळं झालं होतं.

पायलने बनूच्या गुडघ्याला औषध लावून तिला झोपवलं, मग मायाक्काच्या शेजारी येऊन बसली आणि तिचे दोन्ही हात धरले. लग्नाला आठ वर्षं झाली, तिने असे हात कधी धरले नव्हते.

“जूनपासून व्हॅन लावणार होते मी,” ती म्हणाली. “नको आता. पहिलीलासुद्धा तुम्हीच न्या-आणा, आत्या. दुसऱ्या कुणावर माझा भरवसाच नाही.”

पहिलीची शाळा विजापूर रोडच्या पलीकडे होती. तिथून ट्रक जात.

सोमवारी शिवराज जुनी गाडी घेऊन सहालाच टेंभुर्णीला गेला. सव्वासातला बनू दप्तर अडकवून दारात उभी होती आणि पायल चपलांचे पट्टे लावत होती. मायाक्काने बनूचं मनगट धरलं. ते तिच्या बोटांत एवढंसं होतं. तिला वाटलं, आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू. दिवाळीपासून ती रोज सकाळी हेच म्हणत आली होती. तिने मनगट सोडलं.

“पायल, मला दिसत न्हाय.”

“चष्मा करू की. आज संध्याकाळी जाऊ.”

“चष्म्याचं न्हाय. बाजूचं कायबी दिसत न्हाय. काचबिंदू हाय. दिवाळीपासनं ठावं हाय मला.”

पायल वाकलेली तशीच राहिली. मग म्हणाली, “काल तर तुम्ही बनूला ओढलंत.”

“ओढलं न्हाय. ती हाय तितं, हे मला ठावंच नव्हतं. मी माझ्या जिवाला भिऊन पळाले. ती मधी आली.”

पायल उठली. ती ओरडेल, असं मायाक्काला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. समोरचा चेहरा तिला दिसत होता, पण त्यावर काय आहे ते वाचता येत नव्हतं. पायलने लॅबमध्ये फोन करून उशिरा येते म्हणून सांगितलं. बनूचा हात स्वतःच्या हातात घेतला, मायाक्काच्या विरुद्ध बाजूला.

“चला,” ती म्हणाली. “रोज कशा जाता, ते मला दाखवा.”

तिघी निघाल्या. पहिल्या वळणाला मायाक्काने सांगितलं, हितं कूलर दोन हायत, भिंतीला हात लावून जाते. दुसऱ्या वळणाला सांगितलं, हितं कुत्रं असतंय, त्याच्या भुंकण्यावरनं कळतं गाडी आली का.  मायाक्काला फक्त पायलच्या चपला ऐकू येत होत्या, आणि त्या हळूहळू मंद होत चालल्या होत्या. मोठ्या रस्त्याशी त्या थांबल्या.

“आणि इथं?”

“हितं थांबते. ऐकते. गाडीचा आवाज आला की जात न्हाय.”

“आणि आवाज नाही आला तर?”

 खोटं बोलायला अजूनही जागा होती.

“तर जाते,” ती म्हणाली.

पायलने बनूला उचलून कडेवर घेतलं.