सुईवाले मामा

विमान धावपट्टीवर उभं केलं की मामा आधी मागं वळून माझ्या स्वयंपाकघराकडे बघायचे. सगळे प्रवासी तिथं नीट बसलेले त्यांना दिसत असावेत. मग टेबलावर दोन थापा आणि आरोळी, "रैट, रैट!" त्याशिवाय विमान हलायचं नाही.

विमान माझ्या कॉम्प्युटरमधलं होतं. सरस्वतीपुरममधल्या एका घरात मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो आणि सुट्टीच्या दिवशी सिम्युलेटरवर विमानं उडवत होतो. मामा खाली एकटेच राहायचे. तीस वर्षं मैसूर–बेंगळूर बसवर कंडक्टर होते. एकदा दार ठोठावून म्हणाले, "सार, माझं छत हलतंय. काय चाललंय?" इंजिनाच्या आवाजाबद्दल मात्र अवाक्षर नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी माफी मागून विमान दाखवलं, आणि पुढच्या रविवारपासून माझ्या खुर्चीवर मामा आणि मी मोड्यावर.

त्यांचे पूर्वज मैसूरच्या राजाच्या घोडदळात होते. मी सांगलीचा. माझं मराठी ऐकून ते पहिल्या दिवशीच म्हणाले, "तुमचं मराठी बरं आहे. आमचं घोड्यावरनं आलं, अल्ल्वा, नाही का, वाटेत थोडं सांडलं. मग कन्नड घालून भरून काढलं."

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. मी उपग्रहावर विमान चालवायचो. पडद्यावर नकाशा, नकाशावर आपण, पुढं एक जांभळी रेघ. मामांना हवी जुनी रेडिओ-सुई. जमिनीवरचं एक केंद्र संदेश सोडत राहतं आणि विमानातली सुई त्या केंद्राकडे बोट दाखवते. ती अंतर सांगत नाही, आपण कुठं आहोत तेही सांगत नाही.

"सुई म्हणजे बसस्टँडवर ओरडणारा माणूस," मामा समजावून सांगायचे. "इकडे या, इकडे या. बस्स. तुम्ही कुठनं येताय त्याच्याशी त्याला काय करायचंय? आणि तुमचा उपग्रह म्हणजे सासू. तुम्ही कुठं आहात, कुठं वळलात, किती वाजता घरी याल, सगळं तिला गोत्तु!"

"पण मामा, वारा आडवा असला की सुईमागं जाणारं विमान वाकडं जातं."

"जाऊ दे. नंजनगूडचं केळं वाकडंच असतं. गोड लागतं की नाही?"



शेवटी पैज लागली. बेंगळूरहून मैसूर, खाली सगळे ढग, जमीन दिसायची नाही. आधी मामा सुईवर येणार, मग मी उपग्रहावर. जो धावपट्टीवर सरळ उतरेल त्याचं म्हणणं दुसऱ्यानं महिनाभर ऐकायचं. मामांनी नकाशाच्या पडद्यावर कॅलेंडरचं एक पान चिकटवलं, मैसूरच्या केंद्राचा आकडा लावला आणि टेबलावर थापा मारल्या.

आता त्या केंद्रांची एक गंमत असते. प्रत्येक केंद्र आपलं नाव टिक-टिक करून सांगत असतं, लांब आणि आखूड आवाजांत. आकडा लावला की ते नाव ऐकून खात्री करायची. हे मामांना मीच शिकवलं होतं आणि त्यांना ते फार पटलं होतं. "म्हणजे बोर्ड नोडी हत्तरी!" बोर्ड बघून चढा. तीस वर्षं ते प्रवाशांना हेच सांगत आले होते.

त्या दिवशी त्यांचा एक आकडा चुकला. स्पीकरमधून टिक-टिक आली ती भलत्याच गावाची. मी विचारलं, "मामा, ऐकलंत?"

"ऐकलं, ऐकलं," त्यांनी मान हलवली.

मनात म्हटलं, होऊ दे गंमत.

मामा ढगांवरून निघाले. अंतर कळत नसल्यामुळं घड्याळ बघून स्टॉप पुकारत होते. "रामनगर! चन्नपट्टण! मद्दूर, मद्दूर, वडे खायला पाच मिनिटं! मंड्या इळीरी!" मंड्या उतरून बराच वेळ झाला, श्रीरंगपट्टण तीनदा आलं, तरी सुई पुढंच बोट दाखवत होती. "आज ट्रॅफिक आहे," मामा म्हणाले. अखेर सुई गर्रकन मागं फिरली. केंद्र खालून गेलं होतं. मामांनी विमान ढगांखाली आणलं आणि समोर निळंशार पाणी पसरलं.

"मैसूरात समुद्र कधी आला?"

मी मोड्यावरून खाली पडेपर्यंत हसलो. आम्ही मंगळूरला पोचलो होतो.

मामा हसले नाहीत. त्यांनी टेकडीवरच्या धावपट्टीवर विमान व्यवस्थित उतरवलं, इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे वळले.

"तुम्हाला टिक-टिक वेगळी ऐकू आली होती?"

"हो मामा. दुसऱ्या गावाची होती."

"मला कुठल्याच गावाची येत नाही."

मी उठून बसलो.

"मी ओठ वाचतो, सार. मंड्या म्हणताना ओठ मिटतात. चन्नपट्टण म्हणताना दात दिसतात. नोकरीची शेवटची पाच वर्षं असंच चालवलं. या मशीनला ओठच नाहीत." मग म्हणाले, "मुलीला बोलू नका. कळलं तर मला हैदराबादला नेईल."

मला हसल्याची इतकी लाज वाटली की माझी उपग्रहाची फेरी राहिलीच. दुसऱ्या दिवशी मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. आठवड्यानं मशीन कानात बसलं, आणि पहिलं वाक्य काय म्हणाले? "सार, ओरडताय कशाला?" मग दोन दिवस ते घरभर शोध लावत हिंडले. पंखा कुरकुरतो. कुकरच्या आधी गॅस बोलतो. माझ्या चपला जिन्यात भांडतात.

तिसऱ्या दिवशी मात्र चेहरा टाकून वर आले. मुलीचा फोन येऊन गेला होता.

"काय झालं मामा?"

"चार वर्षं दर रविवारी ती फोनवर काहीतरी विचारायची. मी सरी, सरी म्हणायचो. बापानं मुलीला आणखी काय म्हणायचं? आज ऐकू आलं." त्यांनी कपाळावर हात मारला. "ती विचारत होती, अप्पा, इकडं राहायला येताय ना? मी चार वर्षं हो म्हणतोय! तिनं खोली रंगवून ठेवलीय. माझ्यासाठी कॉट आणलीय. दर वर्षी म्हणे चादर बदलते."

"मग आता?"

"आता काय? शब्द दिलाय ना."

महिन्याभरात ते गेले. मुलीनं विमानाचं तिकीट काढलं होतं. खऱ्या विमानात मामा पहिल्यांदाच बसणार होते. मंडकळ्ळीच्या विमानतळावर त्यांनी माझा हात धरला आणि मग ते आत निघून गेले. संध्याकाळी मी फोन केला.

"कसं झालं मामा? खिडकी मिळाली?"

"मिळाली. ढग बघितले. मग झोपलो."

"झोपलात? पहिल्या विमानात?"

"चालवणारे दुसरे होते, सार. पुकारणारे दुसरे. मी तीस वर्षं जागा, गाडीतले सगळे झोपलेले. एकेकाला हलवून उठवायचो, तुमचं गाव आलं म्हणून." मग म्हणाले, "आज विमानातल्या त्या पोरीनं माझा खांदा हलवला. म्हणाली, सर, आलं."