मेगर सर आणि प्राचीचं सर्किट

मेगर सर सर्किट तपासायचे नाहीत, उपटायचे. लॅबमध्ये आपण अर्धा तास खपून बोर्डावर वायरी खोचलेल्या असायच्या. अॅमीटर इथे, व्होल्टमीटर तिथे, रेझिस्टर घट्ट बसवलेला. हे मागून पावलांचा आवाज न करता यायचे, सप्लायच्या स्विचवर बोट ठेवायचे आणि विचारायचे, "सोडू का?" ठामपणे "सोडा" म्हणालात तर करंट सोडायचे. पण "सर, एकदा तुम्ही बघता का?" एवढं तोंडातून निघालं की संपलंच! एका हिसक्यात सगळ्या वायरी त्यांच्या मुठीत आणि रिकामा बोर्ड आपल्यासमोर. "पुन्हा जोडा," म्हणून पुढच्या टेबलाकडे. कुठे चुकलं हे सांगायची पद्धतच नव्हती. असा राग यायचा ना, की तो अख्खा सप्लाय उचलून त्यांच्याच डोक्यात घालावा.

मेगर हे त्यांचं नाव नव्हे. वायरीचं प्लास्टिक आतून कुठे फाटलंय का ते बघायला तिच्यावर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज सोडतात, त्या यंत्राला मेगर म्हणतात. वायर चांगली असेल तर टिकते, नसेल तर तिथल्या तिथे कळतं. हे नाव ज्या कुणा सीनियरनं ठेवलं त्याचे पाय धरायला हवेत. सरांचं खरं आडनाव मी सांगणार नाही. ठाण्याच्या नौपाड्यात त्यांच्या दारावर ती पाटी अजून आहे, आणि मला भांडण वाढवायचं नाही. कल्याणच्या पुढे आमचं कॉलेज होतं, तिथे ते पहिल्या वर्षाला बेसिक इलेक्ट्रिकल शिकवायचे. पुढे तुम्ही सिव्हिलला जा नाहीतर कॉम्प्युटरला, पहिल्या वर्षी हा विषय सगळ्यांना, म्हणजे मेगर सरही सगळ्यांच्या नशिबी.

बरं, ओरडायचे म्हणावं, तर तेही नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. आख्खं कॉलेज एकमेकांना "अबे" आणि "भाई" करत असताना हे अठरा वर्षांच्या पोरापोरींना "अहो" म्हणायचे! "अहो साळवी, करंट तुमची परवानगी काढून वाहत नाही." साळवी म्हणजे मी. "अहो साळवी, अॅमीटर म्हणजे नाक्यावर गाड्या मोजणारा माणूस. त्यानं रस्त्यातच उभं राहायचं असतं. तुम्ही त्याला शेजारी उभा केलात आणि गाड्यांना फुकटचा दुसरा रस्ता काढून दिलात." हे सगळं अगदी हळू, मऊ आवाजात. वर्तकनगरच्या आमच्या चाळीवजा कॉलनीत लोक आईबहिणीवरून भांडायचे, पण त्यानं कधी एवढं लागलं नव्हतं.

शिकवायचे मात्र झकास, हे कबूल करताना माझे दात आवळले जातात. एका बिंदूत जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर जातो, हा नियम सगळ्या पुस्तकांत जाडजूड अक्षरांत असतो. सर फळ्यावर रूळ काढायचे. "हे कल्याण जंक्शन. कसाऱ्याकडून किती आले, कर्जतकडून किती आले, ठाण्याकडे किती गेले, हिशेब लागलाच पाहिजे. जंक्शनवर कोणी संसार थाटत नाही." मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सर, प्लॅटफॉर्मवर काही लोक राहतात." सर क्षणभरही थांबले नाहीत. "ते कपॅसिटर, साठवून ठेवणारे. ते पुढच्या सेमिस्टरला." वर्ग खो खो हसला, आणि मीही हसले. तो नियम मी आजतागायत विसरलेले नाही, याचासुद्धा मला राग येतो.

आमच्या लॅबमध्ये एक गुपित चालायचं. सीनियर लोक प्रत्येक प्रयोगाचा रंगांचा क्रम व्हॉट्सअॅपवर पाठवायचे. लाल वायर वरच्या भोकात, पिवळी मधल्या, निळी मीटरकडे, हिरवी परत. सर्किट वाचायची गरजच नाही, रांगोळीसारखे रंग भरायचे आणि "सोडा" म्हणायचं. आम्ही हे इतकं पाठ केलेलं की झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. सरांना कधी कळलं कोण जाणे. एका सोमवारी लॅबमध्ये गेलो तर खोक्यात सगळ्या वायरी काळ्या! एकजात काळ्या, जणू कुणीतरी गेल्याची बातमी आलेली. आख्खी बॅच खोक्याकडे बघत उभी राहिली. सर म्हणाले, "रंग करंटला दिसत नाहीत, तुम्हालाही दिसायला नकोत." त्या दिवशी एकाचंही रीडिंग आलं नाही. आम्ही कँटीनमध्ये बसून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

प्राची भोईर माझ्या टेबलावर होती. कल्याणजवळच्या गावातली आगरी मुलगी, जमीनजुमलावाले लोक. शेतं गेली आणि रस्त्यालगत गाळे आले, तसं घर. घरातून कॉलेजात आलेली पहिली मुलगी, आणि तीही इंजिनिअरिंगला. काकाचा विरोध होता. वडिलांनी मध्ये पडून काकाला गप्प केलं, पण पोरीला एकच अट घातली, एकही वर्ष वाया जाता कामा नये. वर्ष गेलं की कॉलेज बंद, घरी बसायचं. पहिल्या सेमिस्टरमध्ये तिला केट्या लागल्या होत्या, म्हणजे काही विषय मागे राहिले होते, आणि आता एकीचीही जागा उरली नव्हती. इलेक्ट्रिकलच्या प्रॅक्टिकलला नापास झाली असती तर दुसऱ्या वर्षाला घेतलंच नसतं. हे सगळं मला माहीत होतं, बॅचला माहीत होतं, आणि एकदा मी सरांनाही सांगितलेलं. ते म्हणाले, "अहो साळवी, घरच्या अटी सर्किटला लागू होत नाहीत."

प्राचीचे हात सुंदर चालायचे. वायरीचं टोक अशा नाजूकपणे पिळायची की एक तार बाहेर येणार नाही. पण सर टेबलाशी आले की तिची वाचा जायची. "सोडू का?" म्हटलं की ही माझ्याकडे बघणार, मग जमिनीकडे, आणि शेवटी पुटपुटणार, "सर, तुम्ही बघा ना." हिसका! वायरी त्यांच्या मुठीत! "अगं, नुसतं सोडा म्हण ना बये," मी कळवळून सांगायचे. ती म्हणायची, "मना भेव वाटतं गो त्यांचा." मी तरी काय करणार? मला भीती वाटायची नाही, मला राग यायचा, आणि रागात माणूस पटकन "सोडा" म्हणून मोकळा होतो.

प्रॅक्टिकलची परीक्षा आली. बाहेरून आलेले परीक्षक जर्नलवर सह्या ठोकण्यात आणि चहात गुंतलेले, म्हणजे राज्य मेगर सरांचंच. मला थेवेनिनचा प्रयोग आला. वायरी काळ्या, घड्याळ पळतंय, जोडलं कसंबसं. "सोडू का?" मी मान वर करून म्हटलं, "सोडा." फट्! फ्यूज उडाला. आख्खी लॅब माझ्याकडे वळली. सर शांतपणे म्हणाले, "का?" मी बोर्डाकडे बघितलं आणि मला दिसलं. "अॅमीटर पॅरललला लागला, सर. रस्त्यात नाही, शेजारी." त्यांनी शर्टाच्या खिशातून नवा फ्यूज काढून टेबलावर ठेवला. "बदला." बदललं, रीडिंग आलं, पास झाले.

परीक्षेपुरती प्राची शेजारच्या टेबलावर होती. तिला सुपरपोझिशन आलेलं, दोन सप्लायवालं, जरा किचकट. मी तिचा बोर्ड बघितला, सगळं जिथल्या तिथे होतं. सर आले. बोट स्विचवर. "सोडू का?" प्राचीनं ओठ उघडले, मिटले. मी मनात ओरडत होते, म्हण ना, म्हण! तिनं अगदी बारीक आवाजात म्हटलं, "सर, एकदा बघता का?" आणि त्या माणसानं त्या बरोबर जोडलेल्या सर्किटच्या वायरी उपटल्या. तिनं पुन्हा जोडायला घेतलं, पण एक वायर खाली पडली, दुसरी भलत्याच भोकात गेली. वेळ संपली. निकालाच्या कागदावर तिच्या नावापुढे एफ होता.

मी तडक स्टाफरूममध्ये गेले. दार न वाजवता. सर डबा उघडून बसलेले. मी म्हटलं, "सर, प्राचीचं सर्किट बरोबर होतं!"

"हो," ते म्हणाले. "मी पाहिलं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "पाहिलं? मग उपटलंत का?"

"बरोबर आहे, हे मला माहीत होतं. त्यांना माहीत नव्हतं. उद्या या बाई साडेचारशे व्होल्टच्या पॅनेलपुढे उभ्या राहतील, तेव्हा कोणाला विचारतील? तिथे मी नसेन."

"तिचं वर्ष जाईल, सर. तिला कॉलेज सोडावं लागेल. मी सांगितलेलं तुम्हाला!"

"अहो साळवी," सर म्हणाले, "वर्ष पुन्हा करता येतं, माणूस नाही." आणि डब्यातली पोळी मोडली.

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेजारच्या मॅडमनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. प्राचीचं वर्ष गेलं. त्याबरोबर कॉलेजही गेलं, वडील शब्दाचे पक्के निघाले. रस्त्यालगतच्या त्यांच्या एका गाळ्यात आता तिचं झेरॉक्सचं दुकान आहे. लग्न झालं, मुलगी आहे, आमचं बोलणं आहे. त्या दिवसाचा विषय मात्र तिनं कधी काढला नाही, आणि मीही नाही.

मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका कारखान्यात टेस्टिंगला लागले. पॅनेलला करंट द्यायच्या आधी मी एकेका वायरीवरून बोट फिरवते, निघाले तिथे परत येते आणि मगच मान हलवते. ही सवय कोणाची, ते मला कोणी सांगायला नको. पण नवीन पोरं आली की मी त्यांना कुठे चुकलंय ते सांगते. बरोबर असेल तर "बरोबर आहे" असंही सांगते. एवढं सांगायला काय जातं माणसाचं?

मेगर सर निवृत्त झाले तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांनी ठाण्यात एक हॉल घेऊन सत्कार ठरवला. मला जायचं नव्हतं, तरी गेले. सर बारीक झाले होते, शालीत हरवलेले. एकेक जण माईकवर येऊन गळा काढत होता, सरांनी आम्हाला घडवलं, सर नसते तर आम्ही नसतो. वायरी उपटल्याचे किस्से सांगून हॉल हसत होता. मला ते ऐकवेना. जेवणाच्या आधी सर जरा एकटे सापडले, तेव्हा मी त्यांच्या खुर्चीशी गेले. "सर, प्राची भोईर आठवते?"

"सुपरपोझिशन," ते लगेच म्हणाले. "वायर फार छान पिळायच्या. तुम्ही भेटता का त्यांना? त्यांना सांगा, सर्किट बरोबर होतं म्हणून."

एवढ्या वर्षांनी निरोप! माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "मी नाही सांगणार. तुम्ही सांगा." आणि फोन लावून स्पीकरवर त्यांच्या हातात दिला.

"अहो भोईर," सर म्हणाले. "मी बोलतोय, कॉलेजातला. इलेक्ट्रिकलचा. परीक्षेत तुमचं सर्किट बरोबर होतं."

पलीकडे झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं.

"माहीत होतं, सर," प्राची म्हणाली. "जोडून झाल्यावर दोन्ही लूप फिरून बघितलेले मी. व्होल्टेजचा हिशेब लागत होता, बेरीज शून्य येत होती."

सरांनी फोन कानाजवळ नेला, मग पुन्हा लांब धरला. "मग सोडा का नाही म्हणालात?"

"तुमची भीती वाटायची, सर." राग नाही, रडणं नाही, एखाद्याला भाव सांगावा तसं. "ठेवते हां. गिऱ्हाईक उभंय."

फोन बंद झाला. सर फोनच्या काळ्या पडद्याकडे बघत राहिले. स्टेजवरून कोणीतरी त्यांचं नाव पुकारत होतं, फोटोसाठी. ते म्हणाले, "त्यांनी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"कोणाला, सर?" मी विचारलं.

त्यांनी शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि म्हणाले, "साळवी, मला खाली रिक्षापर्यंत नेता का? फोटो राहू द्या."

मी नेलं. जिना उतरताना त्यांनी माझा दंड धरला, आणि मी तो सोडवून घेतला नाही. रिक्षा नौपाड्याकडे वळेपर्यंत मी फाटकाशी उभी होते. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण माफ मी त्यांना केलेलं नाही आणि करणारही नाही. ते माझ्या हातात नाहीच. ते प्राचीनं ठरवायचं, आणि तिला दुकानातून सवड नाही.