गिअरचीच गाडी

किसनसिंगाचा डावा गुडघा क्लचनं खाल्ला. तीस वर्षं राजूरच्या खाणीचा कोळसा ट्रकनं ओढला, त्याची ही बक्षिसी. आता महागावकडच्या आपल्या तांड्यात तो लंगडायचा, आणि कोणी विचारलंच तर म्हणायचा, "खाटेवरून पडलो." खरं काय ते फक्त बायकोला, सुखीबाईला ठाऊक.

तांड्यातून डांबरी सडकेला जायचं तर मधे मोठा उतार, खाली नाला. पावसाळ्यात ॲम्ब्युलन्स पलीकडेच थांबते. ड्रायव्हर फोन करतो, पेशंट घेऊन या. खाटेवर टाकून किती अडलेल्या बायका नेल्या तांड्यानं! अर्ज करकरून चपला झिजल्या, तेव्हा पुण्याच्या एका संस्थेनं चारही चाकं ओढणारी पिकअप कबूल केली. ऑटोमॅटिक हवी की गिअरची, ते तांड्यानं ठरवायचं.

तांड्याचा नायक अमरसिंग बैठकीत म्हणाला, "गाडीतलं किसनभियाले समजते. तो म्हनल ती घेऊ. अन् चालवनार बी तोच."

आठ वर्षांनी स्टेअरिंग हातात येणार होतं. किसनसिंग यवतमाळला जाऊन दोन्ही गाड्या चालवून आला. ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाला कामच नाही, गुडघा गप्प. गिअरच्या गाडीत तिसऱ्यांदा क्लच दाबला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले.

सुखीबाई भाकर थापत म्हणाली, "ऑटोमॅटिक म्हना ना. कोन विचारून राह्यलं?"

"बिघडली तं? महागावात तिले हात लावनारा मिस्त्री नाही. गाडी नागपूरले जाईल, महिनाभर तिथंच बसल. तवर बाळंतीण काय तुह्या चुलीपाशी ठेवू?"

"अन् गिअरच्या गाडीत तुमी कुठं बसान?"

तो जेवत राहिला.

पुढच्या बैठकीत त्यानं सांगून टाकलं, "गिअरचीच घ्या. आपला मिस्त्री खोलू शकते. ऑटोमॅटिक बिघडली तं नागपूरले जाईल, तवर बाळंतीण कशी न्याची? अन् उतारावर पहिल्या गिअरात टाकली का इंजिनच गाडी धरून ठेवते. पन ड्रायव्हर दुसरा पाहा. मले जमनार नाही."

का, ते सांगितलं नाही. मोठा मानी माणूस! त्याला वाटलं, लोक समजून घेतील. कारण सांगितलं नाही की लोक आपल्या सोयीचं कारण बनवतात, एवढं त्याला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

गाडी आली. संस्थावाल्यांनी हार घातले, फोटो काढले. नायकाचा पुतण्या भारत ड्रायव्हर झाला. चहाच्या टपरीवर तांड्यातल्या लखीरामनं सगळ्यांसमोर टोमणा मारला, "यवतमाळले ऑटोमॅटिकचे दोनच पायडल पाहून भिया घाबरला म्हनते."

"हो, घाबरलो," किसनसिंग म्हणाला आणि चहा अर्धा टाकून उठला.

श्रावणात एका सकाळी भारत तापानं फणफणलेल्या म्हाताऱ्या धनीबाईला घेऊन निघाला. उताराच्या डोक्यावर किसनसिंग उभा होता. अर्ध्यात इंजिनचा आवाज एकदम पडला. डिझेल वाचवायला भारतनं न्यूट्रल केलं होतं. ओल्या मातीवर गाडी घसरत गेली आणि नाल्याच्या काठाला धडकून थांबली. नशीब, म्हातारी कपाळाच्या टेंगळावर सुटली.

किसनसिंग लंगडत नायकाच्या ओट्यावर गेला. "भारत न्यूट्रलवर उतरून राह्यला. त्याले गाडीवरून उतरव."

"सोता नाही म्हनला, अन् आता जळून राह्यला काय?"

तेव्हा किसनसिंगानं पँटचा डावा पाय गुडघ्यावर सरकवला. सुजलेला, निळसर पडलेला गुडघा नायकानं पाहिला.

"मंग तवाच सांगाचं होतं ना बे," नायक म्हणाला. "ऑटोमॅटिक घेतली असती."

मिस्त्रीचं, नागपूरचं, बाळंतिणीचं, सगळं बैठकीत बोलून झालं होतं. एकाच्याही ध्यानात नव्हतं. किसनसिंगानं पँट पुन्हा घोट्यापर्यंत सोडली आणि ओटा उतरला.

भारत आता पहिल्या गिअरात उतरतो, पण किसनसिंग वर दिसला तरच. म्हणून गाडी निघायच्या आधी तो जाऊन उभा राहतो. सुखीबाई म्हणते, दगडावर तरी बसा. बसला तर झुडपांमुळे तो भारतला दिसत नाही.