पानेवाल्यांची गिटार

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ नळदुरुस्तीचं काम करतात. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत लहानमोठे पाने खुळखुळत असतात, म्हणून सगळे त्यांना पानेवाले म्हणतात. बायको इस्पितळात परिचारिका. तिला अख्खी इमारत सिस्टर म्हणते, आणि पानेवालेसुद्धा. लाडात असले की नुसतं ‘सिस्टर’ आणि काही बिनसलं की ‘अहो सिस्टर’.

पानेवाल्यांचा आवाज दणदणीत आहे, आणि तो कामाने घडवलेला आहे. टाकी असते गच्चीवर, नळ असतो खाली. एकाने वर कॉक फिरवायचा, दुसऱ्याने खाली बघायचं.

“आलं का?”

“नाही!”

“आता?”

“थेंब थेंब!”

घरचं काही दुरुस्त करायचं असलं की खाली सिस्टरच उभी असते. ती म्हणते, “लग्न झाल्यापासून हे माझ्याशी जेवढं बोललेत, त्यातलं निम्मं गच्चीवरून.”

अशा माणसाच्या घरी गिटार आली ती एका गिऱ्हाइकाच्या माळ्यावरून. टाकी बदलताना ती टाकीमागे सापडली. “न्या हो, अडगळच आहे,” असं तो माणूस म्हणाला आणि पानेवाले घेऊन आले. दुरुस्त होण्यासारखी वस्तू कुणी अडगळ म्हणून टाकली की त्यांचा जीव कळवळतो. घरी आणून त्यांनी ती पुसली. खुंट्या अडकत होत्या, त्यांना शिलाई मशीनचं तेल घातलं. मग खुंट्या घसरायला लागल्या. तेव्हा नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती पांढरी टेप त्यांनी खुंट्यांवर गुंडाळली. मग तारा आवळल्या. ‘थोडं अजून’ म्हणत शेवटचा पीळ द्यायची त्यांची सवय. पहिली तार तुटली तेव्हा तो आवाज न्हाणीघराच्या डक्टमधून थेट माझ्याकडे आला. पाठोपाठ सिस्टरचा आवाज आला, “डोळा वाचला ना? मग राहू दे.”

बरेच दिवस गिटार कोपऱ्यात नुसती उभी होती. तिला कारण मिळालं ते सिस्टरच्या वॉर्डातल्या एका निरोप समारंभात. त्या वॉर्डाची रीत अशी, की जी परिचारिका निवृत्त होते तिच्या घरच्या माणसाने चार शब्द बोलायचे. त्या दिवशी एका बाईंच्या नवऱ्याने कागद काढून भाषण वाचलं. भाषण लांबलं, लोक चुळबुळायला लागले. सिस्टर नवऱ्याच्या कानाशी लागून म्हणाली, “पुढच्या वर्षी माझी पाळी. तुम्ही काय बोलणार? मोटर चालू करा?”

शेजारच्या दोघीतिघींनी ते ऐकलं आणि हसल्या. पानेवाले लाल झाले. बाहेर पडताना त्यांनी सगळ्यांसमोर मेट्रनबाईंना सांगून टाकलं, “आमच्या सिस्टरच्या वेळी मी बोलणार नाही. गिटार वाजवून गाणार.”

घरी आल्यावर सिस्टरने विचारलं, “येतं का तुम्हाला?”

“अजून वर्ष आहे,” ते म्हणाले.

गाणं कोणतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला मात्र डक्टमुळे कळलं. इस्त्री करताना सिस्टर जे गाणं गुणगुणते, तेच होतं. इनमिन दोन कडव्यांचं.

पानेवाले तालमीला बसत ते बुटक्या स्टुलावर, पुढे वाकून. गिटार मांडीवर जवळजवळ आडवी, कारण बोटं कुठे पडतात ते दिसलं पाहिजे. डावा हात खालून वळवून त्यांनी तिची मान अशी धरलेली, की तिच्या जागी माणूस असता तर पोलीस आले असते. आणि गाणं? ते सिस्टरला ऐकू जाऊ नये म्हणून ती ड्यूटीवर गेली की ते दार लावून घेत आणि मग अशा आवाजात गात, की समोरच्या इमारतीतल्या बाई खिडकी लावून घेत.

थोड्याच दिवसांत डावं मनगट धरलं. आधी वाजवताना दुखायचं, मग कामावरही दुखायला लागलं. नळाच्या कामात डाव्या हाताने पाईप धरायचा आणि उजव्याने पाना फिरवायचा. डावा हातच धरेना तर उजव्याने करायचं काय? एकदा एका स्वयंपाकघरात धरलेला पाईप हातातून सुटला आणि ओट्यावर पाणीच पाणी झालं. त्या घरच्या आजी म्हणाल्या, “अहो, मी धरते, तुम्ही फिरवा.” हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

डॉक्टरांनी मनगटाला पट्टा दिला आणि काही दिवस हाताला विसावा द्यायला सांगितलं. सिस्टरने त्यात आपलं घातलं. “हात बरा झाला तरच गिटार. पुन्हा दुखलं तर ती परत माळ्यावर. मेट्रनबाईंना मी सांगेन काय सांगायचं ते.”

“आणि माझा शब्द?”

“तुमच्या शब्दावर घर चालत नाही, हातावर चालतं.”

हे खरं होतं, म्हणूनच त्यांनी पट्टा बांधून घेतला.

हात थोडा निवळल्यावर ते एका गिटार शिकवणाऱ्या मुलीकडे गेले. वाद्यांच्या दुकानामागच्या खोलीत ती शिकवण्या घेते. मी शाळेत शिकवायचे तेव्हा माझ्या वर्गात होती. तेव्हाही दुसऱ्याची पेन्सिल कशी धरली आहे ते आधी बघायची. सिस्टर सोबत गेली, हातावर नजर ठेवायला. परत आल्यावर दोघांनी मला चहा पिता पिता सगळं सांगितलं, एकाच वेळी.

मुलीने आधी त्यांना नेहमीसारखं बसून वाजवायला सांगितलं आणि बघत राहिली.

“काका, ही कुठे पळून जाणार आहे का?”

“कोण?”

“गिटार. एवढी आवळून धरलीय म्हणून विचारलं.”

तिने त्यांना पाठ सरळ ठेवून बिनहातांच्या खुर्चीत बसवलं. डाव्या पायाखाली लहानसा पाट दिला, गिटार त्या मांडीवर घेऊन तिचं डोकं वर उचललं. तेवढ्यानेच मनगटाचा बाक बराच गेला. अंगठा मानेच्या मागे, नुसता टेकलेला. बोट मानेवरच्या धातूच्या पट्टीच्या अगदी जवळ ठेवायचं, म्हणजे जोर कमी लागतो. तारा फार उंच होत्या, त्या दुकानातून खाली बसवून घेतल्या आणि हलक्या तारा घातल्या. खुंट्यांवरची टेप सोडवताना दुकानदाराने विचारलं म्हणे, “हे कुणाचं काम?” पानेवाले भिंतीवरच्या सनया बघायला लागले.

एवढं होऊनही बोटं काही सैल पडेनात. मुलगी म्हणाली, “तार कुरकुरायची थांबेल एवढंच दाबा. त्यापुढचा जोर फुकट जातो.” पानेवाले मान हलवत आणि पुन्हा आवळत. शेवटी सिस्टर बोलली.

“अहो, तुम्ही घरोघरी काय सांगत फिरता? नळ पिळू नका, पाणी थांबलं की हात काढा, नाहीतर वायसर जातो. सांगता ना?”

“सांगतो.”

“मग हिला का पिळताय?”

पानेवाल्यांनी हात काढला. मग बोट नुसतं टेकवलं, हळूहळू दाबलं आणि तार स्वच्छ वाजली तिथे थांबले. सिस्टर सांगत होती, “तोंड असं झालं होतं जसं काही यांनीच शोध लावलाय.” ते म्हणाले, “लावलाच. तुझ्या मदतीने.”

आवाजाचं काम त्याहून कठीण निघालं. त्याला मात्र ते सिस्टर ड्यूटीवर असताना एकटेच जात. पहिलीच ओळ त्यांनी म्हटली तेव्हा मुलगी म्हणाली, “काका, मी इथे समोरच आहे. कुणाला बोलावताय?” गळ्याच्या शिरा ताणून गायचं नाही, पोटाने श्वास घ्यायचा, गाणं दोन सूर खाली घ्यायचं. रोज सकाळी ओठ मिटून गुंजायचं. मग ओठ सैल सोडून फुर्रर्र करत खालच्या सुरावरून वर जायचं आणि परत यायचं.

हे फुर्रर्र त्यांना इतकं आवडलं, की ते कामावरही सुरू झालं. डोकं बेसिनखाली घातलं की आवाज छान घुमतो म्हणे. एका घरच्या साहेबांनी काळजीने विचारलं, “पाईपमध्ये हवा अडकलीय का?” बेसिनखालून उत्तर आलं, “हो, निघतेय.”

आता वाजवणं थोडा वेळ, मग हात सोडून झटकायचे, बोटं उघडमिट करायची, पाणी प्यायचं, आणि मग पुन्हा थोडा वेळ. डक्टमधून मला आता सूर कमी आणि त्यांच्या अधल्यामधल्या शांतताच जास्त ऐकू यायला लागल्या. ते बरं लक्षण होतं.

निरोपाला फार दिवस राहिले नव्हते, तेव्हा एका शाळेच्या टाकीचं मोठं काम आलं. जुने गंजलेले सांधे, एकही सरळ सुटेना. दोन दिवस ते झुंजले आणि तिसऱ्या दिवशी मनगट पुन्हा सुजलं. गिटारचा यात काही दोष नव्हता, पण सिस्टरने स्टूल घेतलं आणि गिटार माळ्यावर ठेवली.

जिन्यात मला पानेवाले भेटले. हाताला पट्टा, चेहरा उतरलेला.

“बाई, लोक हसतील त्याचं काही नाही हो. पण तिला वाटेल, यांचं नेहमीसारखंच. बोलायला मोठे.”

“तिनेच ठेवली ना वर?”

“तिने हातासाठी ठेवली. ते गाणं तिचंच आहे हे तिला कुठे माहीत आहे?”

ते त्या मुलीकडे गेले. तिने सुजलेला हात पाहिला आणि सांगितलं, सूज उतरेपर्यंत तारेला बोट लावायचं नाही. गाणं मात्र रोज म्हणायचं, अगदी हळू, शेजारी बसलेल्याला ऐकू जाईल इतकंच. समारंभाला एकच कडवं वाजवायचं, तीन सोप्या कॉर्डवर. दुसरं सोडून द्यायचं. पानेवाल्यांना अर्धं काम सोडून यायची सवय नाही. ते बराच वेळ घुटमळले आणि मग कबूल झाले.

सूज वेळेत उतरली. सिस्टरने स्वतः मनगट दाबून, फिरवून पाहिलं आणि गिटार खाली काढून दिली. “एक कडवं, म्हणजे एकच. मुलीने सांगितलंय मला.”

समारंभ दुपारी वॉर्डाच्या बाहेरच्या दालनात होता. बाह्यरुग्ण विभागातून खुर्च्या आणलेल्या, मध्ये केक, आणि मागे दारात पट्ट्या बांधलेले, सलाइनचा दांडा हाताशी धरलेले दोनतीन पेशंटही उभे. मीही गेले होते. मेट्रनबाई बोलल्या, डॉक्टर बोलले आणि मग पानेवाल्यांचं नाव पुकारलं.

ते खुर्चीत सरळ बसले. पायाखाली कुणीतरी औषधाचं रिकामं खोकं सरकवलं. त्यांनी एकदा श्वास घेतला आणि सुरुवात केली.

मी तो आवाज ओळखलाच नाही. खालचा, जरा खरखरीत, पण कुठेही न ओढलेला. पहिल्या ओळीला सिस्टर केकच्या बशा मांडत होती. दुसऱ्या ओळीला तिच्या हातातली बशी तशीच राहिली.

मागून एक दाढीवाला पेशंट ओरडला, “मोठ्याने! काही ऐकू येत नाही!”

पानेवाल्यांची मान ताठ झाली. सवयीने गळा आता उघडणार, असं मला वाटलं. पण सिस्टर मागे वळली आणि वॉर्डातल्या आपल्या नेहमीच्या सुरात म्हणाली, “तुमच्यासाठी नाहीये ते.”

पानेवाले त्याच खालच्या आवाजात गात राहिले. कडवं संपलं. एका कॉर्डला तार कुरकुरली, पण त्यांनी जोर लावला नाही, तशीच जाऊ दिली.

टाळ्या थांबायच्या आत सिस्टर त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिने त्यांचं डावं मनगट हातात घेतलं आणि अंगठ्याने दाबून पाहिलं.

“दुखतंय?”

“नाही.”

“खरं सांगा.”

“थोडंसं.”

“मग ठेवा ती खाली,” ती म्हणाली. “पुढचं मी म्हणते.”

आणि तिने दुसरं कडवं उभ्याउभ्याच म्हटलं, भराभर, सुराची फारशी पर्वा न करता, एका हाताने त्यांचं मनगट तसंच धरून. पानेवाले मान वर करून तिच्याकडे बघत बसले होते, आणि गिटार त्यांच्या मांडीवर उगीच पडून होती.