माझी तालीम, त्याचा सिनेमा

मंडळी, घरी येऊन तास झाला, तरी डोकं शांत होईना. म्हणून इथे लिहितेय.

आमच्या नगरच्या नाटक ग्रुपमधला संदीप काहींना आठवत असेल. आम्ही दोघं मिळून एकांकिका बसवायचो. मग तो हळदीच्या गाण्यांचे व्हिडिओ करायला लागला, ते लई चालले. आता पहिला सिनेमा करतोय. आज पाथर्डी रोडच्या एका ढाब्यावर शूटिंग होतं. "ताई, येऊन जा," म्हणाला. मी गेले ती चुका काढायलाच.

बाप-लेकीच्या भांडणाचा सीन काही केल्या जमेना. तेव्हा संदीप दोघांना म्हणाला, "आता तोंडातून एक शब्द न काढता अख्खा सीन करा."

माझ्या पोटात दुखायलाच लागलं. ही मुकी तालीम माझी. आमच्या तालमीच्या खोलीशेजारी एक आजारी आजोबा राहायचे. त्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून मी ती सुरू केली होती.

सीन झकास झाला. कॅमेरामनने विचारलं, "हे कुठं शिकलास?"

मी मनात शिव्या तयार ठेवल्या. हा आता माझं नाव गिळणार.

संदीपने माझ्याकडे हात केला. "ह्या आमच्या ताईकडून."

सगळे वळून बघायला लागले. मी हसले. त्याने नाव खाल्लं असतं तर निदान हक्काने चिडता आलं असतं. मेल्याने तेवढंही ठेवलं नाही.

तुमच्याही ओळखीत आहे का असा एखादा भला माणूस, ज्याच्यावर उघडपणे जळताही येत नाही?